पाण्याला कोण येतंय?

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि त्यावाचून गोष्टीचं काही अडतही नाही. एका पठारावर एक गाव होतं. गावाला दोन आळ्या होत्या, एक वरची आणि एक खालची, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये एक आड होता. आड चांगला खोल. पावसाळ्यात पाणी वर यायचं, पण चैत्र-वैशाखात इतकं खाली जायचं की वाकून पाहिलं तर डोळे फिरावेत. गावात दुसरं पाणी नव्हतं, म्हणून आडाच्या दोराला तिथं फार मान होता.

हा दोर अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे तिच्या सालीच्या धाग्यांचा असे. आणि तो वळण्याची त्या गावाची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी.

गावात मूल जन्माला आलं की त्या वर्षीच्या अंबाडीतली वाखाची एक जुडी त्याच्या नावानं बाजूला काढायची आणि चुलीवरच्या आढ्याला बांधून ठेवायची. धुरामुळं तिला कीड लागत नसे. मूल मोठं होई, म्हातारं होई, आणि जुडी तिथंच पिवळी पडत राही. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या जुडीला हात लावायचा नाही. लावलाच कुणी, तर त्यानं त्या माणसाचं मरण चिंतलं असं समजत, आणि त्यावरून सासवासुनांची जी काही जुंपायची ती विचारू नका. माणूस गेला की तेराव्यानंतर घरची मंडळी ती जुडी सोडवत आणि दोर वळणारीकडे नेऊन देत. मग ती दोरात वळली जाई. गेलेला माणूस असा गावाला पाणी पाजत राहतो, अशी त्या लोकांची समजूत होती.

दोर वळणाऱ्या दोघी होत्या. वरच्या आळीची धुरपदा आणि खालच्या आळीची सगुणा. हे काम एकटीचं नाहीच. धुरपदा एका जागी उभी राहून वाख पुरवायची. सगुणा समोर लाकडी फिरकी फिरवून पीळ भरायची आणि दोराचा पदर लांबत जाईल तसतशी एकेक पाऊल मागं सरकायची. नवी जुडी धुरपदेच्या हातात आली की सगुणा लांबून विचारायची, "पाण्याला कोण येतंय?" धुरपदा त्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायची. सगुणा म्हणायची, "येऊ दे." मगच तो वाख पदरात जायचा. पदर पुरा झाला की सगुणा फिरकी घेऊन परत धुरपदेपाशी यायची, आणि दोघी मिळून त्याची तीनपदरी घडी वळायच्या.

वीस वर्षं दोघींनी हे काम केलं. मधल्या वेळात गप्पा चालायच्या, त्याही चाळीस हातांवरून. सुनांच्या कागाळ्या, उतू गेलेलं दूध, कुणाच्या घरात काय शिजतंय, सगळी गुपितं त्या साऱ्या गावाला ऐकू जातील अशा आवाजात एकमेकींना सांगायच्या आणि वर म्हणायच्या, कुणाला बोलू नकोस हं.

मग राजा वारला.

राजाला दोन मुलगे होते. थोरला म्हणाला गादी माझी, धाकटा म्हणाला माझी. दोघांनी सैन्य जमवायला सुरुवात केली. वरच्या आळीनं थोरल्याचा तांबडा झेंडा घेतला, खालच्या आळीनं धाकट्याचा पिवळा. का घेतला, म्हणाल तर वरच्यांनी तांबडा घेतला म्हणून खालच्यांनी पिवळा घेतला. त्या गावातल्या एकानंही दोघा राजपुत्रांपैकी एकालाही कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तरी एका वाफ्यातली वांगी खाल्लेली माणसं भाले घेऊन एकमेकांच्या अंगावर गेली.

गावातला पहिला बळी धुरपदेचा मुलगा रायाजी. पठाराखाली चार कोसांवरच्या नदीच्या उतारावर चकमक झाली, त्यात तो पडला. ज्याचा भाला त्याला लागला तो सगुणेचा मुलगा म्हादू. पाहणारे पुष्कळ होते. पण खालच्या आळीत कुणाला विचारलं तर म्हणत, "गर्दीत कुणाचा भाला कुणाला लागला, काय सांगावं?" सगुणा घराबाहेर आलीच नाही.

धुरपदेला नवरा आधीच नव्हता. आता मुलगाही गेला. तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा घेऊन आडावर गेली, रहाटावरून दोर खाली ओढला, मध्य मोजला आणि खसाखसा कापून त्याचे दोन तुकडे केले. एक वरच्या आळीच्या वाटेवर टाकला, दुसरा खालच्या आळीच्या.

"हा तुमचा, हा आमचा," ती म्हणाली. "आता माझ्या लेकाच्या हातचं पाणी त्यांच्या घरात जायचं नाही."

वरच्या आळीनं तिची पाठ थोपटली. शेताची वाटणी करावी तशी दोराची वाटणी झाली. एक गोष्ट मात्र त्या भरात कुणाच्या लक्षात आली नाही. दोरात आळीवार नावं नव्हती. जो जसा गेला तसा तो वळला गेला होता. त्यामुळे वरच्या आळीचे कितीतरी पूर्वज खालच्या आळीच्या तुकड्यात गेले आणि खालचे वर आले. धुरपदेला स्वतःला हे कळायला हवं होतं, कारण कुठं कोण आहे हे डोळे मिटून सांगू शकणारी तीच होती. पण राग आला की माणसाला आपलंच काम आठवत नाही.

लढाई तीन वर्षं चालली. म्हादूही त्यातच गेला, पहिल्याच पावसाळ्यात, दूरच्या कुठल्याशा किल्ल्याखाली. त्याचं परत काही आलं नाही, पागोटंसुद्धा नाही. वरच्या आळीची अकरा माणसं गेली, खालच्या आळीची नऊ. वीस जणांच्या जुड्या आढ्यालाच राहिल्या. अर्ध्या दोरात कोण वळणार, आणि कोण कुणाला येऊ दे म्हणणार?

आणि चौथ्या वर्षी काय झालं, ठाऊक आहे? थोरल्या आणि धाकट्या राजपुत्रांचं जमलं. राज्य निम्मं निम्मं करून घेतलं, एका ताटात जेवले आणि दवंडी पिटवली की रयतेनं आता सुखानं राहावं. गावात दवंडीवाला आला तेव्हा लोक दारात उभे राहून ऐकत होते.  दवंडीवाल्यानं प्यायला पाणी मागितलं, तर त्याला अर्धा तांब्या मिळाला.

कारण पाण्याचे हाल सुरू झाले होते. पावसाळ्यात नि हिवाळ्यात अर्धा दोर पुरायचा. एक आळी सकाळी पाणी भरायची, दुसरी दुपारी, एकमेकींची तोंडं दिसायला नकोत म्हणून. पण त्या साली पाऊस कमी झाला, आणि फाल्गुनातच पाणी अर्ध्या दोराच्या खाली गेलं. लोकांनी गुरांची दावी सोडून दोराला गाठी मारल्या. गाठ रहाटाच्या चाकात अडकायची. जोर लावला की सुटायची. दोन्ही आळ्यांचे मिळून सात पोहरे आडाच्या तळाशी गेले, तेव्हा लोक थांबले.

नवा दोर वळावा तर वाख नव्हता. तीन वर्षांत शेतं पेरली गेली नव्हती, आणि अंबाडीचं बी लोकांनी उपासाच्या दिवसांत भाजून खाल्लं होतं. बायका दोन कोसांवरच्या एका झऱ्यावर जाऊ लागल्या. वाटेत एकीचं पोट पडलं. मग चार घरांनी बैलगाड्या भरल्या आणि ती गाव सोडून गेली.

धुरपदेचा भाऊही गाडी घेऊन आला. "चल ताई, इथं काय ठेवलंय आता?" तो म्हणाला.

"अमावस्येपर्यंत थांब," धुरपदा म्हणाली. तिनं सामान बांधून ठेवलं होतं. राहिली होती फक्त आढ्याची रायाजीची जुडी.  आडाशिवाय त्या जुडीला अर्थ नव्हता. परगावी नेली तर ती नुसता वाख. गाव उठलं की रायाजीचं नाव कुणी, कधीच, मोठ्यानं घेणार नव्हतं.

वरच्या आळीची बैठक भरली. केरोबा कारभारी बोलायला उठला. नात्यानं तो धुरपदेचा चुलत दीर, आणि त्याचाही धाकटा भाऊ शिदू लढाईत गेलेला. तो म्हणाला, "आपल्या अकरा जुड्या आहेत. त्या आपल्या तुकड्याला जोडू. काय वहिनी, पुरेल?"

"नाही पुरत," धुरपदा म्हणाली. "अकरा जुड्यांचा दहा हात दोरसुद्धा होत नाही. पाणी अजून कितीतरी खाली आहे."

"मग काय केलं तर पुरेल?"

उत्तर तिला महिनाभर आधीपासून ठाऊक होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती. "त्यांचा तुकडा, आपला तुकडा, आणि मध्ये वीसच्या वीस जुड्या," ती शेवटी म्हणाली. "गाठ नाही चालायची. दोन्ही टोकं उसवून सांधावं लागेल, आणि सांध्यात दोर आखूड होतो."

बैठकीत एकदम कालवा झाला. कुणी म्हणालं, त्यापेक्षा तहानेनं मेलो तरी चालेल. कुणी म्हणालं, आमच्या पोरांना मारणाऱ्यांची नावं आमच्या दोरात? केरोबानं पागोटं सारखं केलं आणि बैठक उठवली. धुरपदेला बरंच वाटलं. आपण सांगून मोकळ्या झालो, पुढचं आपल्यावर नाही, असं मनाशी म्हणत ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती अंगणात राखेनं भांडी घासत होती, पाण्याशिवाय घासता येतात तेवढी. तेव्हा वरच्या आळीतून सगुणा चालत आली. एकटी. दोन्ही बाजूंची दारं एकामागून एक बंद होत होती आणि ती मधून येत होती. तिच्या पदराखाली काहीतरी होतं.

धुरपदेनं मान वर केली. सगुणेचे केस पांढरे झाले होते. चार वर्षांत दोघी एकमेकींसमोर पहिल्यांदा आल्या होत्या.

"पाणी विचारत नाही तुला," धुरपदा म्हणाली. "घरात नाही."

"माझ्याही नाही," सगुणा म्हणाली आणि न विचारताच ओट्याच्या पायरीवर बसली. "फिरकी काढली काल माळ्यावरून. पुसून ठेवलीय. उंदरांनी मूठ कुरतडलीय जरा."

"कशाला काढलीस?"

"तू काल काय म्हणालीस ते खालच्या आळीत पोचलं. भिंतींना काय, चार वर्षं वेगळ्या राहिल्या तरी कान आहेतच."

धुरपदा भांडं घासत राहिली. मग तिनं विचारलं, "पदराखाली जुडी आहे?"

"हो."

"तर परत ने. वाख पुरवणारी मी. नाव मला घ्यावं लागतं. ते नाव माझ्या तोंडून यायचं नाही, सगुणे. मी प्रयत्न करून पाहिलाय, एकटी असताना. नाही येत."

 सगुणेनं जुडी पदराखालून काढून मांडीवर घेतली. मग ती म्हणाली, "मी पाण्यासाठी आले नाही. पाण्याचं नंतर. तुला एक सांगायचं राहिलंय, ते सांगायला आलेय. माझ्या म्हादूनं तुझ्या रायाजीला मारलं. नदीच्या उतारावर. भाला त्याचाच होता. त्या दिवशी घरी आला, ताटावर बसला आणि तसाच उठला. मला म्हणाला, आये, मी रायाला मारला. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? लढाईत व्हायचंच, म्हणाले. जेव तू. असं म्हणाले मी, धुरपदे. तुझ्या दारात यायला हवं होतं, आले नाही. भीती वाटली. मग लाज वाटली. मग इतके दिवस झाले की कुठल्या तोंडानं यावं ते कळेना."

धुरपदेच्या हातातलं भांडं राखेत पडलं. चार वर्षं ती एवढंच ऐकायला थांबली होती. गर्दीत कुणाचा भाला लागला काय सांगावं, हे वाक्य तिला भाल्यासारखं टोचत होतं. आपला मुलगा कुणी मारलाच नाही, तो आपला आपण मेला, असं सगळं जग म्हणतंय असं तिला वाटायचं. आता सांगणारीनं सांगितलं. धुरपदेनं तोंडावर पदर घेतला आणि रायाजी गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली, मोठ्यानं, अंग गदगदून. सगुणा पायरीवर बसून राहिली. जवळ जावं की नाही, ते तिला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं धुरपदेनं डोळे पुसले. "दोर मी कापला," ती म्हणाली. "तुझ्या म्हादूचं नाव अडलं ते माझ्यामुळं. वीस जणांची अडली. आणि तुला गंमत सांगते, रायाजीच्या वडलांचं नाव तुमच्या तुकड्यात गेलं. स्वतःच्या हातानं पाठवलं मी त्यांना तुमच्याकडं."

"ठाऊक आहे की," सगुणा म्हणाली. "हाताला लागतं ना ते. त्यांचा वाख जरा जाडाभरडा होता. चार वर्षं रोज पोहरा ओढताना मी म्हणत होते, भावजी, जरा सांभाळून घ्या."

धुरपदेला रडता रडता हसू आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचा रागही आला. "जुडी ठेव इथं," ती म्हणाली. "पण ऐक. नाव घेईन असं मी कबूल करत नाही. वाख पुरवायला उभी राहीन. एवढंच."

"एवढंच पुष्कळ," सगुणा म्हणाली.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी दोघी आडावर आल्या. त्यांच्यामागून गाव आलं. येणार नाही म्हणणारेही आले, कारण न येऊन करायचं काय? वरची आळी एका बाजूला उभी राहिली, खालची दुसऱ्या बाजूला. धुरपदेपुढं चटईवर दोन्ही आळ्यांच्या जुड्या होत्या. केरोबा अजून शिदूची जुडी काखेत धरून होता.

"वहिनी," तो म्हणाला, "आपल्या पोरांबरोबर त्यांची पोरं पिळायची? एका पदरात?"

"हो भावजी, एकाच पदरात. नको असेल तर झऱ्याची वाट मोकळी आहे. घागर देऊ का?"

खालच्या आळीतून कुणीतरी हसू दाबलं. केरोबानं जुडी चटईवर ठेवली.

जो आधी गेला त्याचं नाव आधी, ही रीत. धुरपदेनं रायाजीची जुडी उचलली. चुलीच्या धुराचा वास आला. सगुणेनं फिरकी धरली आणि विचारलं, "पाण्याला कोण येतंय?"

"रायाजी. माझा."

 सगुणेनं स्पष्ट म्हटलं, "येऊ दे. येऊ दे रे बाबा." आणि फिरकी फिरली.

एकामागून एक नावं जात राहिली. सगुणा पाऊल पाऊल मागं सरकत होती. कुणाचं नाव आलं की गर्दीत कुणाचा तरी हुंदका ऐकू यायचा, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. मग शिदूचं नाव आलं. खालच्या आळीत चुळबुळ झाली, कारण शिदूनं त्यांची खळी पेटवली होती आणि सगुणेचा गोठा त्यात दोन गाईंसकट जळाला होता. सगुणेची फिरकी क्षणभर हळू झाली. केरोबा तिच्याकडं पाहत होता.

"येऊ दे," सगुणा म्हणाली.

लोकांना एक गोष्ट दिसत होती. म्हादूची पाळी केव्हाच होऊन गेली होती. पण त्याची जुडी हाताला लागली की धुरपदा ती खाली सरकवायची आणि दुसरी उचलायची. असं करता करता चटईवर ती एकच जुडी उरली.

सगुणा आता लांब उभी होती. "पाण्याला कोण येतंय?" तिनं विचारलं.

धुरपदेनं जुडी उचलली नाही.

फिरकी थांबवता येत नाही. थांबली तर भरलेला पीळ सुटतो. आणि वाख मिळाला नाही तर पदराचं टोक बारीक होत होत तुटतं. मग एकोणीस माणसांचा पदर मातीत पडला असता. हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. सगुणा फिरवत राहिली. धुरपदेच्या बोटांतला वाख बारीक होत चालला. बोटाएवढा होता, तो करंगळीएवढा झाला. सगुणेनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. नुसती तिच्याकडं पाहत राहिली.

धुरपदेनं जुडी उचलली. तिलाही धुराचाच वास होता, अगदी रायाजीच्या जुडीसारखा. कुठल्या तरी आईनं हीसुद्धा बाळंतपणातून उठून आढ्याला बांधली असणार. कुठल्या तरी काय, सगुणेनंच बांधली होती, आणि ती उंचावर पोचत नव्हती म्हणून तिला पाठीवर उचलून धरणारी धुरपदाच होती. दोघी हसून हसून चुलीत पडायच्या राहिल्या होत्या. हे ती साफ विसरली होती.

"म्हादू," ती म्हणाली.  मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हादू, सगुणेचा. ह्यानं माझा रायाजी मारला. पाण्याला येतोय."

आता सगुणेनं येऊ दे म्हणायचं होतं. पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. फिरकी फिरत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज येत नव्हता. खालच्या आळीतल्या कुणी म्हणावं, तर आईच्या हक्काचा शब्द आपण कसा घ्यावा म्हणून तेही घुटमळले. धुरपदा जुडी धरून उभी राहिली. करंगळीएवढा वाख सुतळीएवढा झाला.

"येऊ दे," कुणीतरी म्हणालं. आवाज वरच्या आळीकडून आला होता. केरोबा होता तो. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं होतं. "येऊ दे त्याला, वहिनी," तो पुन्हा म्हणाला. मग त्याच्या मागची म्हातारी म्हणाली, मग तिची सून, आणि मग दोन्ही बाजू एकदमच म्हणाल्या. कोणत्या आळीचा कोणता आवाज ते काही कळलं नाही.

धुरपदेनं वाख पदरात घातला. पदर तुटला नाही.

मग सगुणा घडी घालायला फिरकी घेऊन परत निघाली. चालत चालत धुरपदेपाशी आली. दोघींचे हात एकाच पदरावर होते. धुरपदा म्हणाली, "मूठ बदलून घे त्या फिरकीची. हाताला कुसळ जाईल." सगुणा म्हणाली, "घेते."

दुपारपर्यंत दोघींनी जुने दोन्ही तुकडे उसवले, नवा तुकडा त्यांच्यामध्ये घातला आणि एकेक पदर एकमेकांत गुंतवत सांधला. दोर रहाटावर चढला. केरोबानं पोहरा सोडला. दोर गेला, गेला, आणि खालून पाण्याचा आवाज आला. पहिला पोहरा कुणाच्या घरी न्यायचा, याचीही रीत होती. शेवटचं नाव ज्या घरचं, त्या घरी. धुरपदेनं तो स्वतः खांद्यावर घेतला आणि खालच्या आळीत सगुणेच्या ओट्यावर नेऊन ठेवला. मग ती घरी आली आणि भावाला म्हणाली, "गाडी रिकामीच ने. पण पुढल्या खेपेला अंबाडीचं बी घेऊन ये."

पुढं अंबाडी पिकली. दोर झिजला, नवी नावं आली, जुनं टाकून नवं वळलं गेलं. पण त्या वीस जणांचा तुकडा कुणी टाकू दिला नाही. दर वेळी तो नव्या दोरात पुन्हा सांधत. सांधलेला दोर तिथं बोटभर जाड असतो, हाताला कळतो. पाणी ओढताना ती जागा आली की त्या गावच्या बायका अजून हात जरा हळू करतात. लहान मुलं विचारतात, इथं दोर जाड का? मग मोठी माणसं वीसच्या वीस नावं सांगतात, आणि कुणी कुणाला मारलं तेही सांगतात. मुलं ऐकून घेतात आणि तहान लागलेली असते म्हणून पाणी पितात.

तात्पर्य: दुभंगलेलं गाव नुसत्या गाठीनं जोडलं जात नाही. झालं ते खरं सांगावं लागतं, आणि आपल्या माणसाच्या नावाशेजारी दुसऱ्याच्या माणसाचं नावही आपल्याच तोंडून घ्यावं लागतं.